घरात सापडलेलं ठासणीचं पिस्तूल: ओळख, पारख आणि कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या जुन्या पिस्तुलांबद्दल ही उत्तरं आहेत. जुने वाडे पाडायला निघाले, वाटण्या झाल्या, ट्रंका उघडल्या की अशी हत्यारं बाहेर येतात. काडतुसाच्या पिस्तुलांना यातलं थोडंच लागू पडतं आणि कायद्याचा भाग तर मुळीच नाही.

माळ्यावर जुनं पिस्तूल सापडलं. पहिल्यांदा काय करू?

ते भरलेलं आहे असं धरून चाला. नळीचं तोंड माणसांकडे येऊ देऊ नका, घोडा (ठोका देणारा मागचा भाग) मागे ओढू नका, चापाला बोट लावू नका आणि मुलांना खोलीबाहेर काढा. फोटोसाठी कुणाच्या डोक्याला लावून उभं राहायची हौस तर साफ विसरा.

हा सल्ला घाबरटपणातून आलेला नाही. ठासणीचं हत्यार ऐन वेळी भरायला फार वेळ लागायचा, म्हणून उशाशी ठेवायचं ते भरूनच ठेवत. न उडवता रिकामं करणं त्याहून किचकट, त्यामुळे मालक गेला तरी आतला बार, म्हणजे भरलेली दारू आणि गोळी, तसाच राहिला. काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. कोरडी राहिली तर हे मिश्रण शंभर-दीडशे वर्षांनीही पेटतं.

भरलेलं आहे की नाही, कसं कळणार?

एकनळी पिस्तुलाला एक सोपी तपासणी आहे. लाकडाची किंवा बांबूची बारीक गोल काडी नळीत हलकेच सोडा, लोखंडी सळई नको. काडी टेकली की नळीच्या तोंडाशी खूण करा. मग ती बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा आणि टोक कुठवर येतं ते पाहा. नळीच्या मागच्या टोकाशी बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. काडी त्या कानापर्यंत पोचत असेल तर नळी बहुधा रिकामी. दोन-चार सेंटिमीटर आधीच अडत असेल तर आत बार आहे, किंवा गंज, चिंध्या, गांधीलमाशीचं घर असलं काहीतरी आहे. बाहेरून यातला फरक कळत नाही, म्हणून अडलं की बार आहे असंच समजायचं.

रिव्हॉल्व्हर असेल तर चक्रातली घरं समोरून, पण बाजूला राहून, विजेरीच्या उजेडात पाहा. शिशाचे करडे गोळे दिसतात. मागच्या खुंट्यांवर तांब्याच्या टोप्या असतील तर हात लावू नका. त्यांतला स्फोटक मसाला घोड्याच्या ठोक्यावर पेटावा म्हणूनच भरलेला असतो.

बार घरी काढायचा नाही. पोलीस ठाण्यात कळवा आणि परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून काढून घ्या. खोचून, गरम करून, नळीत ड्रिल घालून पाहणारे लोक असतात म्हणून हे स्पष्ट लिहावं लागतं.

तोड्याचं, चकमकीचं, टोपीचं: माझं कुठलं?

पारख इथून सुरू होते. सगळा प्रश्न दारूला आग कशी लावायची एवढाच होता आणि त्याची उत्तरं काळानुसार बदलत गेली.

तोड्याच्या हत्यारात जळती वात वाकड्या आकड्यात धरलेली असते आणि चाप दाबला की ती रंजकावर, म्हणजे कानापाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर टेकते. आपल्याकडच्या लांब बंदुका एकोणिसाव्या शतकातही सर्रास अशा होत्या. तोड्याचं पिस्तूल मात्र विरळा. पेटती वात घेऊन कमरेला पिस्तूल खोचणार कोण?

चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा पकडलेला असतो. तो पोलादी झडपेवर घासतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात आणि कानातून आग आत जाते. ही रचना सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पक्की झाली आणि पुढची दोनशे वर्षं टिकली. घोडा, जबडा, झडप, वाटी हे चारही भाग बाहेरून दिसतात.

टोपीच्या पिस्तुलात वाटी आणि झडप नसतात. घोड्याचं तोंड हातोडीसारखं असतं आणि ते एका छोट्या पोकळ खुंटीवर आपटतं. खुंटीवर तांब्याची टोपी बसवायची. ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतलं. तांब्याच्या टोप्या रुळल्या त्या १८२० नंतर, आणि फौजांनी त्या स्वीकारल्या साधारण १८४० च्या आसपास.

चक्री कळ, म्हणजे किल्लीने आवळलेलं चाक फिरून ठिणग्या पाडणारी, ही युरोपातली महागडी चीज. आपल्या माळ्यावर ती सापडेल अशी आशा ठेवू नका.

आमच्या आजी सांगायच्या, हे पेशवाईतलं आहे. खरं असेल का?

टोपीचं असेल तर नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि टोप्यांचा सुकाळ त्यानंतरचा. चकमकीचं असेल तर शक्यता उरते, पण शक्यता म्हणजे पुरावा नाही, कारण कंपनी सरकार चकमकीची पिस्तुलं १८१८ नंतरही वर्षानुवर्षं वापरत होतं.

घरातल्या कथा खोट्या असतात असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा माणूस खरा असतो, गाव खरं असतं, फक्त हत्यार बदललेलं असतं: पणजोबांच्या तलवारीची गोष्ट पुढच्या पिढीत पिस्तुलाला चिकटते. म्हणून आधी लोखंड वाचायचं, मग गोष्ट ऐकायची. नियम एकच: पिस्तुलावरचा सर्वांत अलीकडचा मूळ भाग ज्या काळातला, त्याहून ते पिस्तूल जुनं नसतं. शिवकालीन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पिस्तुलावर १८१३ नंतरचा बर्मिंगहॅमचा शिक्का असला की पुढे वाद घालण्यात अर्थ नाही. पण मागे एखादी जुनी सनद, इनामाचा कागद किंवा १८७८ च्या हत्यार कायद्याखालचा जीर्ण परवाना असेल तर तो पिस्तुलाइतकाच जपा. कधीकधी तो पिस्तुलापेक्षा जास्त बोलतो.

शिक्के कुठे शोधायचे आणि वाचायचे कसे?

नळीच्या मागच्या भागावर, डाव्या अंगाला किंवा खालच्या बाजूला. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो तिच्यावर, म्हणजे कळीच्या पट्टीवर. लाकडी दस्त्यावर, नळी बसते त्या खोबणीत आणि पितळी आवरणांच्या आतल्या बाजूला. भिंग घ्या आणि विजेरी तिरकी धरा. समोरून झगझगीत प्रकाश टाकला तर उथळ शिक्के दिसतच नाहीत. कागद ठेवून पेन्सिलने हलकं घासून घेतलेली छापही उपयोगी पडते.

इंग्लंडात नळी विकण्याआधी जास्त बार भरून उडवून पाहत आणि टिकली तर शिक्का मारत. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली. तिचे शिक्के दोन: मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरं, आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचं परीक्षण गृह १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. मुकुट, आडवे-तिडवे दोन राजदंड आणि सोबत बीपीसी ही अक्षरं, तर जोडशिक्क्यात नुसता व्ही. हे राजदंडांचे शिक्के १९०४ पर्यंत चालले, नंतर मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही आले. बेल्जियममधल्या लिएज शहराचा शिक्का म्हणजे अंडाकृतीत ईएलजी ही अक्षरं. त्या अंडाकृतीवर मुकुट असेल तर नळी १८९३ नंतरची.

सरकारी फौजी पिस्तुलांवर कळीच्या पट्टीवर 'टॉवर' हे नाव आणि मुकुटाखाली जीआर असतं. जीआर म्हणजे जॉर्ज राजा, आणि जॉर्ज १७१४ ते १८३० असे ओळीने चार झाले, त्यामुळे तेवढ्याने वर्ष ठरत नाही. व्हीआर असेल तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ ते १९०१.

पट्टीवर सिंह आहे. संस्थानाचं असेल का?

मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह असेल तर ते ईस्ट इंडिया कंपनीचं. १८०८ पासून कंपनी ही खूण वापरू लागली. त्याआधी चार भाग केलेलं बदाम (पत्त्यांतल्यासारखं) असायचं, प्रत्येक भागात एकेक अक्षर (व्ही, ई, आय, सी) आणि वर चारच्या आकड्यासारखी खूण. बदाम असलेलं, खरं आणि न छेडलेलं पिस्तूल हाती आलं तर नीट बसून पाहावं असं ते असतं. १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं, तेव्हा कंपनीच्या खुणा तिथेच थांबतात.

या फौजी पिस्तुलांची नळी बहुधा ९ इंच, गोल आणि आतून गुळगुळीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नमुन्यांत गज, म्हणजे बार ठासायची सळई, बिजागरीने नळीलाच अडकवलेला दिसतो, घोडदौडीत तो पडून हरवू नये म्हणून. ही बिजागरी अनेकदा तुटलेली असते आणि नंतर कुणीतरी भलताच गज खुपसून ठेवलेला असतो.

संस्थानांची खूण वेगळी. नळीवर किंवा पितळेवर देवनागरी, मोडी किंवा फारसी अंक ठोकलेले असतात. बहुतेक वेळा तो शस्त्रागारातला नग क्रमांक असतो. त्याला साल समजून लोक फसतात.

नळीवर ठळक 'लंडन' लिहिलंय. म्हणजे लंडनला बनलं ना?

बहुतेकदा नाही. लंडनच्या नावाला भाव होता, म्हणून बर्मिंगहॅमची खिशातली छोटी पिस्तुलं 'लंडन' कोरून विकली जात. कोरलेलं नाव ही जाहिरात, ठोकलेला शिक्का हा दाखला. नाव लंडनचं आणि शिक्के राजदंडांचे असतील तर पिस्तूल बर्मिंगहॅमचं. तसंच मॅन्टन. लंडनचे जॉन आणि जोसेफ मॅन्टन हे नाणावलेले कारागीर. कलकत्त्याला त्याच घराण्याच्या नावाची पेढीही होती. इतकं मोठं नाव असल्यामुळेच ते इतर अनेकांनीही कोरलं. 'मॅन्टन' दिसताच उड्या मारू नका. कोरीव अक्षरं एकसारखी आणि खोल आहेत का, लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये नखही जाणार नाही असा सांधा आहे का, ते आधी बघा. चांगल्या कारागिराची ओळख नावापेक्षा सांध्यात पटकन पटते.

आमचं सहा बारांचं, फिरत्या चक्राचं आहे. तेही ठासणीचं?

असू शकतं. चक्राच्या प्रत्येक घराच्या मागे टोपीची खुंटी असेल तर ते ठासणीचं रिव्हॉल्व्हर. मागून आरपार भोकं असतील तर ते काडतुसाचं, आणि मग आधी कायद्याचा प्रश्न.

१८५७ च्या सुमारास हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे मुख्यतः दोन घराणी दिसतात. अमेरिकन कोल्ट, ज्याच्या चौकटीला वरून पट्टी नसते. आणि इंग्लिश ॲडम्स, ज्याची चौकट अखंड असते. ॲडम्सच्या १८५१ च्या नमुन्यात घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटी नाही, चाप दाबला की सगळं एकदम होतं. १८५६ च्या ब्यूमाँट सुधारणेनंतर शेपटी आली.

कोल्टचं लंडनमध्ये १८५३ ते १८५६ असा थोडाच काळ कारखाना होता. त्या नळ्यांवर कर्नल कोल्ट, लंडन असा पत्ता आणि लंडनचे शिक्के असतात. १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याच्या चक्रावर समुद्रातल्या लढाईचं चित्र उमटवलेलं असतं, त्यात १६ मे १८४३ ही तारीख. ती लढाईची तारीख आहे, पिस्तुलाची नव्हे. कोल्टमध्ये अनुक्रमांक नळी, चौकट, चक्र, चापाचं कडं अशा अनेक भागांवर असतो. सगळीकडे एकच असेल तर उत्तम, एखादा वेगळा असेल तर तो भाग नंतर बसवलेला.

विकणारा म्हणतो, टिपू सुलतानाचं आहे.

विकणारा नेहमीच म्हणतो. टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांतली खरी पिस्तुलं वाघाच्या पट्ट्यांच्या नक्षीची असतात, त्यांवर चार घरांत लिहिलेलं 'हैदर' असतं आणि साल टिपूनेच सुरू केलेल्या मौलूदी कालगणनेतलं, आकडे उजवीकडून डावीकडे. १७९९ च्या लुटीनंतर ती बहुतेक इंग्लंडला गेली. चोरबाजारातल्या पितळी, वाघाच्या तोंडाच्या पिस्तुलाला यातलं काही लागू नाही.

नक्कल कशी ओळखायची?

नकला तीन प्रकारच्या भेटतात आणि तिन्हींची फसवण्याची पद्धत वेगळी.

पहिली, दिवाणखान्यात टांगायची. जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव, हाताला भलत्याच ठिकाणी जड लागणारी. साच्याची शिवण दिसते, कान नसतो किंवा नुसता खळगा असतो. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हाची खाच दिसली तर पुढे बघायची गरजच नाही.

दुसरी, उडवायच्या शौकासाठी केलेली आधुनिक प्रतिकृती, बहुतेक इटलीची. काम उत्तम असतं, म्हणून धोका जास्त. त्यांवर पीएन ही अक्षरं आणि चौकोनात वर्षाची सांकेतिक खूण असते. हे शिक्के घासून काढून, लोखंड आम्लाने गंजवून 'अँटिक' केलेले नमुने फिरतात. नळीवर एखादा भाग किंचित खोलगट, बाजूच्यापेक्षा जास्त गुळगुळीत वाटला तर तिथे काहीतरी पुसलंय.

तिसरी, पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या खैबरकडच्या बाजारातली. तिथल्या कारागिरांचा हात चांगला, पण इंग्रजी अक्षरांशी ओळख नाही. उलटं 'एन', चुकलेलं स्पेलिंग, व्हीआरच्या खाली १९०७ असलं साल. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. अशा वस्तूचंही स्वतःचं मोल असतं, फक्त ते कंपनीच्या पिस्तुलाचं नसतं.

खरं जुनं काम कसं दिसतं? स्क्रूची खाच अरुंद आणि प्रत्येक स्क्रू थोडा वेगळा, कारण हाताने केलेला. आतल्या भागांवर कानशीने केलेल्या जुळणीच्या खुणा. झीज हात लागतो तिथेच: मुठीवर, घोड्याच्या शेपटीवर, चापाच्या कड्यावर. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कुणीतरी एका बैठकीत केलेली झीज.

चकमकीचं नंतर टोपीवर बदललेलं असेल तर किंमत जाते का?

नाही जात. तो बदल त्या काळातच झाला असेल तर तो वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसतात, जिथे पूर्वी वाटी आणि झडपेची कमान होती. आणि जुन्या कानात खुंटी बसवलेली असते. किंमत जाते ती उलट्या प्रकाराने. चकमकीला भाव जास्त म्हणून टोपीचं पिस्तूल आज पुन्हा चकमकीचं करतात. घोडा आणि झडप यांचा रंग बाकीच्या लोखंडाशी जुळत नाही, वाटीच्या मागे जळल्याच्या खाचा नसतात. आगीशिवाय चकमक कधी चालली?

बोर म्हणजे काय?

एक पौंड शिशात नळीत बसणाऱ्या किती गोळ्या होतील तो आकडा. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक: १२ बोर सुमारे १८.५ मिलिमीटर, २० बोर १५.६. तोंडाशी झीज असते, तेव्हा मापन थोडं आतून करा. नळीची लांबी, आतला व्यास, एकूण लांबी आणि आत पीळ (मळसूत्री खाचा) आहे की गुळगुळीत, एवढं लिहून ठेवा.

घासून लख्ख करू का? पितांबरी चालेल?

नको! या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. तपकिरी थर ही घाण नाही. तो काळाचा दाखला आहे आणि पारखणारा तोच वाचतो. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चिंच, आम्ल यांतल्या कशानेही एका दुपारी गेलेलं परत येत नाही. शिक्केही उथळ होतात. लाल, बोटाला लागणारा गंज मात्र चालू असतो. त्यावर मऊ फडक्याने पातळ खनिज तेल लावा, दोन दिवसांनी पुसा, गरज पडली तर पुन्हा. लाकडाला तेल पाजू नका, कोरड्या फडक्याने पुसा. दस्त्याखाली ताजा भुसा पडत असेल तर कीड आहे, ती आधी थांबवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हाच खरा शत्रू. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळेवर हिरवं आणतं. सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलसोबत बंद पेटीत ठेवा, आणि पेटी दर महिन्याला उघडून पाहा.

किंमत किती येईल?

फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. किंमत ठरते ती मूळपणावर, कारागिरावर, अवस्थेवर आणि मागच्या कागदांवर. जोडी असेल, मूळ पेटीसह दारूचा भाता, गोळी ओतायचा साचा असं सगळं असेल तर गोष्टच वेगळी. परदेशातल्या लिलावांचे आकडे रुपयांत करून खूश होणाऱ्यांना एवढंच सांगतो, तो बाजार तुम्हाला खुला नाही. कारण पुढच्या उत्तरांत आहे.

परवाना लागतो का?

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ नुसार जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार कायद्यातून वगळलेलं आहे, पण एका अटीवर: ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. 'दुरुस्त करूनही' हे शब्द लोक वाचतच नाहीत. घोडा मोडलाय म्हणून सुटलो, असं होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि क्युरिओ (जुन्या, संग्रही ठेवायच्या वस्तू) गटातली लहान शस्त्रं नुसती बाळगायला भारतीय नागरिकाला परवान्याची अट राहिली नाही. वापरायला, घेऊन हिंडायला किंवा वाहतूक करायला मात्र परवाना लागतोच.

तुमची वस्तू त्या गटात बसते की नाही, हे तुम्ही किंवा दुकानदार ठरवत नाही. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे फोटोंसह लेखी अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. पिस्तूल पिशवीत घालून एसटीने कचेरीत जाऊ नका.

पाया खणताना जमिनीत सापडलं तर?

मग १८७८ चा निखात निधी कायदाही लागतो. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १० रुपये ही मर्यादा आजही तीच.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्याकडे पाठवता येईल?

नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंतचं हत्यार अँटिक मानतात आणि इंग्लंडातही शोभेची जुनी पिस्तुलं बाळगायला सवलत आहे, पण त्या सवलतींनी आपल्याकडची बंदी उठत नाही. देशात विकायचं तरी पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना हवा. तो बघितल्याशिवाय सौदा करू नका.

एकदाच उडवून पाहिलं तर?

नाही. नळीच्या आतला गंज डोळ्यांना दिसत नाही, आणि फुटलेल्या नळीने गेलेली बोटं परत येत नाहीत. नुसता घोडा पाडूनही खुंटी चेपते.

दाखवायचं कुणाला?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय इथे जुनी शस्त्रं आहेत. आधी तिथे जाऊन खऱ्या वस्तू बघा, नजर तयार होते. कुणाला मत विचारायचं असेल तर पिस्तुलाऐवजी फोटो पाठवा: दोन्ही बाजू पूर्ण, वरून, खालून, कळीची पट्टी जवळून, प्रत्येक शिक्का वेगळा आणि शेजारी मोजपट्टी. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. आणि कळ किंवा नळी खोलून फोटो काढू नका; जुन्या स्क्रूची खाच एकदा झिजली की पुढचा माणूस ती खोलूच शकत नाही.